एक अब्ज सात ही मूळ संख्या आहे, हे कागदावर सिद्ध कसं करायचं

कोल्हापुरातल्या बीसीएसच्या किंवा इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पोराचा प्रोग्रॅम उघडा, वरच्या दोन-चार ओळींत एक संख्या हमखास सापडते: १,००,००,००,००७. उत्तर फार मोठं आलं की तिनं भागायचं आणि बाकी छापायची, एवढं सगळ्यांना पाठ आहे. व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, "हीच संख्या का?" उत्तर येतं, "सर, ती प्राइम आहे." पुढचा प्रश्न, "कशावरून?" आणि तिथं गाडी अडते.

मग ठरलेली उत्तरं सुरू होतात. सगळे वापरतात म्हणून. शेवटी ७ आहे म्हणून. २, ३, ५, ७, ११ नं भाग जात नाही म्हणून. फर्माची चाचणी पास झाली म्हणून. यातलं एकही उत्तर सिद्धता नाही. खाली दिलेल्या क्रमानं गेलात तर एका बैठकीत पूर्ण, जर्नलमध्ये लिहिता येईल अशी सिद्धता हातात येते. क्रम मोडू नका. बहुतेक घोळ क्रम मोडल्यामुळंच होतात. लेखात या संख्येला थोडक्यात "अब्ज सात" म्हणतो.

टप्पा १: संख्या नीट उतरवून घ्या

हास्यास्पद वाटेल, पण पहिली चूक इथंच होते. एक, मग आठ शून्यं, मग सात. एकूण दहा अंक. मोबाईलवरून वहीत उतरवताना एखादं शून्य सर्रास गळतं नाहीतर वाढतं.

एक शून्य वाढलं तर १०००००००००७ ही संख्या होते आणि तिला २३ नं भाग जातो: २३ × ४३४७८२६०९. म्हणजे चूक कधीतरी उघडी पडेल. पण एक शून्य गळलं तर होते १०००००००७, आणि तीसुद्धा मूळच आहे! सगळ्या चाचण्या पास होतील आणि तुम्ही भलत्याच संख्येची सिद्धता लिहून मोकळे व्हाल. म्हणून स्वल्पविराम देऊनच लिहा: १,००,००,००,००७.

साधनं फार लागत नाहीत. वही, साधा कॅल्क्युलेटर, आणि दोन मोठ्या घातांसाठी पायथॉन असलेला कॉम्प्युटर. पायथॉनच का? त्यात पूर्णांक कितीही मोठा झाला तरी अंक गळत नाहीत. एक्सेल १५ अंकांपर्यंतच खरं बोलतं, त्यापुढचे अंक शून्य करून टाकतं. सायंटिफिक कॅल्क्युलेटरचंही तेच, सोळा अंकी गुणाकार केला की शेवटचे अंक जातात. बाकी काढायची असते तेव्हा शेवटचे अंकच तर हवे असतात.

तपासा: सीमध्ये करणार असाल तर दोन बाक्यांचा गुणाकार साध्या इंटमध्ये बसत नाही. इंटची कमाल मर्यादा २१४७४८३६४७. दोन बाक्यांची बेरीज तीत बसते, गुणाकार मात्र ६४ बिटांतच ठेवावा लागतो.

टप्पा २: बाकी काढायची युक्ती आधी हातात बसवा

अब्ज सातनं भागायचं असेल तर बाकीच्या हिशेबात एक अब्ज म्हणजेच −७, कारण त्यात ७ मिळवले की पूर्ण भाग जातो. एवढं लक्षात ठेवलं की लांबलचक भागाकार करावाच लागत नाही. संख्येचे उजवीकडचे नऊ अंक वेगळे काढा. डावीकडं जे उरलं त्याला ७ नं गुणून त्या नऊ अंकांतून वजा करा. उत्तर ऋण आलं तर अब्ज सात मिळवत जा, फार मोठं राहिलं तर तीच क्रिया परत करा.

एक उदाहरण हातानं करून बघाच. ५,९७,१३,६०० चा वर्ग येतो ३५६५७१४०२४९६००००. उजवीकडचे नऊ अंक ०२४९६००००, म्हणजे २,४९,६०,०००. डावीकडं राहिले ३५,६५,७१४. त्याची सातपट २,४९,५९,९९८. वजाबाकी केली की उरतात २. म्हणजे अब्ज सातच्या हिशेबात ५९७१३६०० हे चक्क २ चं वर्गमूळ आहे! पोरांना हे दाखवलं की पुढचा अर्धा तास ती आपणहून बाक्या काढत बसतात.

तपासा: २ चा ३० वा घात १०७३७४१८२४, बाकी ७३७४१८१७. २ चा ६० वा घात घेतला तर बाकी ५३६३९६५०४. ही दोन्ही उत्तरं तुमची तुम्हाला आली तरच पुढं जा.

टप्पा ३: लहान विभाजक, आणि त्यांचा अर्थ किती घ्यायचा

सरावाला आपले पिनकोड घ्या. ४१६००४ सम आहे, ती सोडा. ४१६००१ शेवटी १ असल्यामुळं "मूळ असेल" वाटते. अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ नं भाग जातो: ३ × १३८६६७. आता ४१६००३. अंकांची बेरीज १४, शेवटी ३, सम नाही, ५ नाही. बरेच जण इथं "मूळ" लिहून मोकळे होतात. ती आहे ७ × ५९४२९.

७, ११ आणि १३ एकदम तपासायची सोय आहे, कारण ७ × ११ × १३ = १००१. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि आलटून पालटून वजा-अधिक करा. ४१६००३ साठी ३ − ४१६ = −४१३, आणि ४१३ = ७ × ५९. सापडला. अब्ज सातचे गट होतात ७, ०, ०, १. मग ७ − ० + ० − १ = ६. म्हणजे ७, ११, १३ तिन्हींनी बाकी ६. गंमत म्हणजे १९ नं भागलं तरी बाकी ६ च येते, पण ते वेगळं करून बघावं लागतं. १७ नं बाकी १४ आणि २३ नं ४.

हे करता करता अजून एक गोष्ट फुकटात मिळते. एक अब्जाच्या पुढच्या संख्या बघा: +२, +४, +६ सम, +१ ला ७ नं भाग जातो, +३ म्हणजे २३ × ४३४७८२६१, +५ ला ५ नं. म्हणजे +७ मूळ ठरली की ती सगळ्यात लहान दहा अंकी मूळ संख्याही ठरते.

सावधान: या टप्प्याचं काम फक्त संख्या बाद करायचं. कितीही लहान विभाजक नापास झाले तरी "मूळ आहे" असं म्हणायचा हक्क मिळत नाही. "६ च्या पटीच्या अलीकडं-पलीकडं आहे म्हणून मूळ" हेही तसंच. ३ पुढच्या सगळ्या मूळ संख्या तिथं असतात हे खरं, पण २५ आणि ३५ पण तिथंच असतात.

टप्पा ४: वर्गमुळापर्यंतचा सरळ रस्ता

संयुक्त संख्येला तिच्या वर्गमुळाहून मोठा नसलेला एक तरी मूळ अवयव असतोच. अब्ज सातचं वर्गमूळ ३१६२२ आणि ३१६२३ च्या मध्ये आहे. तिथपर्यंतच्या मूळ संख्या ३४०१. त्या सगळ्यांनी भागून एकदाही बाकी ० आली नाही, तर सिद्धता झाली. कॉम्प्युटर हे डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो, आणि ही सिद्धता पूर्ण प्रामाणिक आहे. हिला कमी लेखू नका.

चुका दोनच होतात. लूपमध्ये "वर्गमुळापेक्षा कमी" लिहिलं जातं, "कमी किंवा तेवढंच" पाहिजे. नाहीतर ४९ सुद्धा मूळ ठरेल. आणि वर्गमूळ दशांशात काढून त्यावर विसंबतात. मोठ्या संख्यांना तो दशांश एखाद्या केसानं खाली येतो आणि शेवटचा विभाजक सुटतो. विभाजकाचा वर्ग संख्येशी ताडून बघा, वर्गमूळ काढायचंच कशाला?

मग पुढचे टप्पे कशासाठी? दोन कारणं. कॉम्प्युटरनं "नाही सापडला" म्हटलं ते समोरच्याला कागदावर पडताळता येत नाही, ३४०१ भागाकार कोण बघणार? आणि शंभर अंकी संख्येचं वर्गमूळ पन्नास अंकी असतं, तिथं हा रस्ता बंदच होतो. पुढची पद्धत तिथंही चालू शकते.

टप्पा ५: फर्माची चाचणी करा, पण तिथं थांबू नका

न ही मूळ संख्या असेल आणि तिनं अ ला भाग जात नसेल, तर अ च्या (न−१) व्या घाताला न नं भागल्यावर बाकी १ येते. पायथॉनमध्ये पॉव या फंक्शनला तीन किमती द्यायच्या: पाया २, घातांक १००००००००६, आणि भाजक १००००००००७. उत्तर १ आलं पाहिजे.

तिसरी किंमत विसरलात तर पायथॉन तीस कोटींहून जास्त अंकांची संख्या खरोखर तयार करायला बसेल आणि तुम्ही लॅपटॉपचा पंखा ऐकत बसाल. तिसरी किंमत दिली की प्रत्येक पायरीला बाकी घेतली जाते; घातांक ३० बिटांचा, म्हणून २९ वेळा वर्ग आणि मधेमधे २ नं गुणाकार, संपलं.

आता नेहमीची चूक. बाकी १ आली म्हणजे मूळ, असं उलटं वाचू नका. ३४१ घ्या. २ चा १० वा घात १०२४, आणि १०२४ = ३ × ३४१ + १, म्हणजे बाकी १. मग ३४० व्या घाताचीही बाकी १ च. चाचणी ऐटीत पास. आणि ३४१ आहे ११ × ३१. ५६१ तर त्याहून बेरकी: ३, ११ किंवा १७ नं भाग न जाणारा कुठलाही पाया घ्या, ती पासच होते.

चाचणी नापास झाली तर संख्या नक्की संयुक्त. पास झाली तर फक्त पुढच्या टप्प्यात जायची परवानगी.

टप्पा ६: न−१ फोडा

सिद्धतेचा गाभा इथं आहे, म्हणून सावकाश वाचा. हा नियम हेन्री पॉकलिंग्टननं १९१४ मध्ये दिला. आपल्याला पुरेल एवढा असा:

न−१ चा एक मूळ अवयव प सापडला आणि तो न च्या वर्गमुळापेक्षा मोठा आहे. आता अशी एखादी संख्या अ मिळाली की
(क) अ च्या (न−१) व्या घाताची न नं भागून बाकी १ येते, आणि
(ख) अ चा (न−१)/प वा घात घेऊन त्यातून १ वजा केल्यावर जे येतं, त्याचा आणि न चा मसावि १ आहे,
तर न मूळ आहे.

का ते समजून घ्या, व्हायवात हेच विचारतात. समजा न संयुक्त आहे. मग वर्गमुळाहून मोठा नसलेला एक मूळ अवयव र तिला असणार. अ च्या (न−१)/प व्या घाताला ब म्हणू. (क) मुळं ब च्या प व्या घाताची र नं भागून बाकी १ येते. (ख) मुळं खुद्द ब ची बाकी १ नाही. प मूळ असल्यामुळं ब ला १ वर यायला बरोबर प घात लागतात, त्याआधी तो येत नाही. पण र नं भागताना अशी संख्या नेहमी र−१ चा विभाजक असते. म्हणजे र−१ ला प नं भाग जातो, म्हणजे र हा प पेक्षा मोठा, म्हणजे वर्गमुळापेक्षा मोठा. आपण तर र वर्गमुळाच्या आतला धरला होता. विसंगती.

आता अब्ज सातला लावा. न−१ = १००००००००६ = २ × ५००००००००३ असं घाईत लिहू नका, परत शून्यं मोजा: २ × ५०,००,००,००३. पन्नास कोटी तीन. ही मूळ आहे असं तात्पुरतं धरा. ३१६२३ पेक्षा ती कितीतरी मोठी आहे. अ = २ घ्या. (क) टप्पा ५ मध्ये झालंच. (ख) साठी (न−१)/प = २, म्हणून २ चा वर्ग वजा १ = ३. अब्ज सातच्या अंकांची बेरीज ८, ३ नं भाग जात नाही, मसावि १. झालं.

सावधान: अ म्हणून १ किंवा न−१ घेऊ नका. (क) आपोआप पास होतं आणि (ख) मध्ये शून्य येऊन मसावि न च येतो.

टप्पा ७: एक पायरी खाली उतरा

"तात्पुरतं धरा" म्हटलेलं आता फेडायचं. पन्नास कोटी तीन मूळ आहे हे कोणी सांगितलं? जर्नल तपासताना सगळ्यात जास्त गुण इथं जातात, कारण पोरं टप्पा ६ वरच "म्हणून सिद्ध" लिहून रेघ मारतात.

त्याच नियमाचा दुसरा फेरा. ५०,००,००,००३ मधून १ वजा करून फोडा:

५०,००,००,००२ = २ × ४१ × ४१ × १,४८,७२१

वर्गमूळ २२३६०.७ च्या आसपास. अवयव प म्हणून ४१ चालणार नाही, तो फारच लहान. ४१ चा वर्ग १६८१ घेऊनही भागत नाही. १४८७२१ लागेलच. (न−१)/प इथं होतो २ × १६८१ = ३३६२.

पुन्हा अ = २. पायथॉनला दोन गोष्टी विचारा, भाजक दोन्ही वेळी ५०००००००३. पहिली: घातांक ५०००००००२; उत्तर १ यायला हवं. दुसरी: घातांक ३३६२, उत्तर २३३८५८०५७ यायला हवं. त्यातून १ वजा करून २३३८५८०५६, आणि त्याचा पन्नास कोटी तीनशी मसावि काढा. हा मसावि हातानं, भागाकार पद्धतीनं काढा. शाळेत शिकलेलाच आहे. पहिला भागाकार २, बाकी ३,२२,८३,८९१, आणि तसंच खाली जात शेवटी १.

सावधान: या टप्प्यात भाजक बदलला आहे. अब्ज सातच ठेवून पुढं गेलात तर कुठलाच आकडा जुळणार नाही. टप्पा २ ची युक्तीही इथं वेगळी: पन्नास कोटी म्हणजे −३.

टप्पा ८: तळाला पोचा

राहिली १४८७२१. हिच्यासाठी परत न−१ फोडायची गरज नाही. ३८५ चा वर्ग १४८२२५, ३८६ चा १४८९९६. म्हणून ३८५ पर्यंतच्या मूळ संख्या पुरे, आणि त्या ७६ आहेत. एका पानावर चार रकाने आखा, विभाजक आणि बाकी लिहीत जा. १३ नं बाकी १, ८९ नं २, १२७ नं ४, ३८३ नं ११७. शेवटचा विभाजक ३८३. त्याच्यापुढची मूळ संख्या ३८९, ती नको.

हा तक्ता कॉम्प्युटरकडून छापून घेऊ नका. ७६ भागाकार म्हणजे चहा थंड होईपर्यंतचं काम, आणि एका पानात तपासणाऱ्याला डोळ्यांनी बघता येतं. सगळ्या सिद्धतेचा भार याच पानावर आहे.

टप्पा ९: लिहिताना उलट्या क्रमानं

शोधताना आपण वरून खाली आलो. लिहायचं खालून वर: आधी १४८७२१ मूळ, तक्त्यासह. मग तिच्या आधारे ५०,००,००,००३. मग तिच्या आधारे १,००,००,००,००७. प्रत्येक पायरीला न, प, अ, दोन्ही बाक्या आणि "प हा वर्गमुळापेक्षा मोठा" हे वाक्य. हे वाक्य गाळलं तर नियमच लागू होत नाही, आणि नेमकं तेच गाळतात.

एक गोष्ट मान्य करायला हवी: प्रत्येक संख्येची न−१ इतक्या गुमान फुटत नाही. अब्ज सात नशीबवान आहे, तिची न−१ म्हणजे सरळ एका मूळ संख्येची दुप्पट. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे ०, १ आणि −१ सोडून कुठलीही संख्या घ्या, तिचे घात १ वर यायला पन्नास कोटी तीन तरी लागतात, नाहीतर त्याच्या दुप्पट. २, ३ आणि ४ ना पन्नास कोटी तीन लागतात. ५ ला पूर्ण दुप्पट: तिचा ५०,००,००,००३ वा घात −१ वर, म्हणजे १००००००००६ वर येतो. प्रोग्रॅममध्ये हे तपासून बघा. आणि भागाकाराच्या जागी गुणायला लागणारे आकडेही ताडून ठेवा: २ साठी ५०००००००४, ३ साठी ३३३३३३३३६. दोन्हींचे गुणाकार १००००००००८ येतात, बाकी १.

पुढचा सराव ९९८२४४३५३ वर करा. तिची न−१ म्हणजे २ चा २३ वा घात गुणिले ११९, म्हणजे मोठा मूळ अवयवच नाही. पण २ चा तो घात, ८३८८६०८, वर्गमुळाहून खूप मोठा आहे आणि ११९ हून तर आहेच. अशा वेळी एकच तपासणी पुरते: ३ चा ४९९१२२१७६ वा घात. बाकी ९९८२४४३५२ यायला हवी. १ आली, तर न−१ चा अर्धा करायचा राहिलाय.